नकाशावरच्या ओढ्यात वीज किती?

पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला आगगाडीने जाताना कर्जत मागे पडले, की डब्यातली सगळी मंडळी खिडक्यांपाशी गोळा होतात. गाडी बोरघाट चढू लागते आणि कड्यांवरून पांढरेशुभ्र धबधबे कोसळताना दिसतात. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणते, "केवढे हे पाणी! सगळे फुकट चालले आहे. यावर वीज का नाही करत?"

प्रश्न रास्त आहे. मित्रांनो, आज आपण त्याचे उत्तर काढू या. त्यासाठी घाटात भिजत जायला नको. एक नकाशा, पेन्सिल, हातभर दोरा आणि आलेखाचा पारदर्शक कागद एवढे साहित्य पुरे. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपले पहिले उत्तर चुकणार आहे. ते कुठे चुकते, यावर लक्ष ठेवा.

पाण्याच्या अंगची ताकद

विहिरीतून पाण्याने भरलेली बादली ओढताना दंड कसे भरून येतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पाणी वर चढवण्यासाठी तुम्ही ऊर्जा खर्च करता. तेच पाणी खाली पडताना ती ऊर्जा परत करते. डोंगरावर मात्र पाणी चढवायला माणूस लागत नाही. सूर्य समुद्राच्या पाण्याची वाफ करतो, वारे ढग वाहून आणतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ते पाणी आयते येऊन पडते.

एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम असते. एवढे पाणी दर सेकंदाला एक मीटर खाली पडत असेल, तर त्यातून ९.८ किलोवॅट शक्ती मिळू शकते. दोन मीटर पडले तर दुप्पट, दहा मीटर पडले तर दहापट. पाणी दुप्पट असेल तरीही दुप्पट. म्हणजे हिशेब असा झाला :

शक्ती (किलोवॅट) = ९.८ × प्रवाह (घनमीटर दर सेकंदाला) × पडण्याची उंची (मीटर) × कार्यक्षमता

शेवटची कार्यक्षमता कशासाठी? पाणी नळातून येताना घासते, टर्बाइन आणि जनित्र थोडी ऊर्जा गरम होण्यात घालवतात. लहान वीजघरात १०० भागांपैकी साधारण ६० भाग हाती लागतात असे आपण धरू. म्हणजे कार्यक्षमता ०.६.

आता उरले दोन आकडे : उंची आणि प्रवाह. ते नकाशातून काढायचे आहेत.

पहिला आकडा : उंची

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून आपल्या देशाची मोजणी करीत आहे. या विभागाची १ : ५०,००० प्रमाणाची स्थलदर्शक पत्रके तुम्ही भूगोलाच्या तासाला पाहिली असतील. या पत्रकावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर तपकिरी रंगाच्या ज्या नागमोडी रेषा असतात त्या समोच्चरेषा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी ही रेषा असते.

ती नीट समजून घ्यायची असेल तर बादलीत एक ओबडधोबड दगड ठेवा. दोन बोटे पाणी ओता आणि पाणी दगडाला जिथे टेकते तिथे मेणखडूने सभोवार रेघ ओढा. आणखी दोन बोटे पाणी ओता, पुन्हा रेघ ओढा. दगड बाहेर काढून वरून पाहा. झाला तुमच्या डोंगराचा नकाशा तयार! जिथे दगडाचा कडा सरळ तुटलेला आहे तिथे रेघा अगदी चिकटून आलेल्या दिसतील. जिथे उतार सौम्य आहे तिथे त्या दूर दूर असतील. समोच्चरेषा म्हणजे त्या उंचीपर्यंत पाणी भरले असता होणारा पाण्याचा काठ, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

आता घाटमाथ्यावरचे एक पत्रक उघडल्याची कल्पना करा. डोंगरातून उतरणारी एक बारीकशी काळी रेघ आपण निवडू. हा आपला ओढा. दोऱ्याचे एक टोक रेघेवर ठेवा आणि वळणावळणाने दोरा तिच्यावरून नेत चला. वाटेत तपकिरी रेषा ओढ्याला आडव्या जातात. प्रत्येक रेषा ओढ्यापाशी येताच वरच्या अंगाला टोक करून वळते, म्हणून त्या मोजायला सोप्या जातात.

एके ठिकाणी दीड सेंटिमीटर दोऱ्यात सहा रेषा सापडल्या असे समजू. या पत्रकावर लागोपाठच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर आहे. मग ओढा किती उतरला? घाईने १२० मीटर म्हणू नका. सहा बोटांच्या मध्ये फटी पाचच असतात! म्हणून ५ × २० = १०० मीटर. आणि दीड सेंटिमीटर दोरा म्हणजे जमिनीवरचे ७५० मीटर. पाऊण किलोमीटरचा नळ टाकला की पाण्याला १०० मीटर उंचीवरून खाली आणता येईल. जागा चांगली आहे. हीच उंची मिळवायला पाच किलोमीटर नळ टाकावा लागला असता, तर नळाच्या खर्चातच सगळे बुडाले असते. म्हणूनच वीजघराची जागा शोधणारे अभियंते रेषांची दाटी कुठे आहे, ते आधी पाहतात.

दुसरा आकडा : पाणी

ओढ्यात पाणी येते ते त्याच्या पाणलोट क्षेत्रातून. ज्या जमिनीवर पडलेला पावसाचा थेंब वाहत वाहत आपल्या ओढ्याला मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र. घराच्या छपराचा आढा जसा पाण्याच्या दोन वाटा करतो, तशी डोंगराची धार दोन ओढ्यांचे पाणी वेगळे करते. तिला जलविभाजक म्हणतात. नळाचे तोंड जिथे बसवायचे तिथून सुरुवात करून, धारेधारेने पेन्सिल फिरवत पुन्हा त्याच जागी या. जे कुंपण तयार होईल, त्याच्या आतले सगळे पाणी आपले.

त्यावर आलेखाचा पारदर्शक कागद ठेवून चौरस मोजा. १ : ५०,००० प्रमाणात ४ चौरस सेंटिमीटर म्हणजे १ चौरस किलोमीटर. आपले कुंपण १६ चौरस सेंटिमीटरचे भरले असे धरू. म्हणजे ४ चौरस किलोमीटर.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. महाबळेश्वरला सरासरीने वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. आपण जरा हात राखून ४,००० मिलिमीटर, म्हणजे ४ मीटर धरू. ४ चौरस किलोमीटरवर ४ मीटर पाणी म्हणजे १ कोटी ६० लाख घनमीटर. त्यातले काही जमिनीत मुरेल, काही झाडे पितील, काहीची वाफ होईल. पाऊण हिस्सा ओढ्यात आला असे मानू : १ कोटी २० लाख घनमीटर. वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख. भागाकार करा. दर सेकंदाला ०.३८ घनमीटर, म्हणजे ३८० लिटर!

आता सूत्रात आकडे भरा. ९.८ × ०.३८ × १०० × ०.६ म्हणजे सुमारे २२० किलोवॅट. घरटी अर्धा किलोवॅट धरला तर ४४० घरांना पुरेल इतकी वीज. एका काळ्या रेघेतून चार लहान गावे उजळली. मग वाट कसली पाहायची? कुदळ-फावडे घेऊन निघावे, नाही का?

थांबा. रेघ काळी का?

पत्रकाच्या तळाशी खुणांची यादी असते, ती जरा वाचा. जंगल हिरवे, शेतजमीन पिवळी, घरे तांबडी, आणि पाणी निळे. मग आपला ओढा काळ्या रंगात का दाखवला आहे? कारण सर्वेक्षण विभागाच्या या पत्रकांवर वर्षाचा काही काळ कोरडा पडणारा ओढा काळ्या रेघेने दाखवण्याचा प्रघात आहे. निळा रंग पाणी टिकून असलेल्या प्रवाहाचा. नकाशा काढणाऱ्याने आपल्याला इशारा दिला होता; आपण तो पाहिला नाही.

आपली चूक हिशेबातच होती. वर्षाचे पाणी वर्षाच्या सेकंदांनी भागून आपण सरासरी काढली. पण सह्याद्रीत पाऊस बारा महिने सारखा पडत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच जवळजवळ सगळा पडतो. त्या दिवसांत आपल्या ओढ्यातून सेकंदाला १,००० लिटरांहून जास्त पाणी धावेल, आणि मे महिन्यात दगडांमधून सेकंदाला जेमतेम दोन लिटर झिरपेल. दोन लिटर म्हणजे ०.००२ घनमीटर. सूत्रात घालून पाहा : सव्वा किलोवॅटसुद्धा होत नाही! शिवाय शेकडो लिटरांसाठी बांधलेले टर्बाइन दोन लिटर पाण्याने हलणारही नाही. गोव्याच्या सीमेवरचा दूधसागर धबधबा ३०० मीटरांहून उंच आहे. जुलैत त्याच्यापुढे बोलणे ऐकू येत नाही. एप्रिल-मेमध्ये जाल तर कड्यावर ओलसर रेघोट्या दिसतील. उंची तीच आहे, पण पाणी कुठे आहे?

आता नकाशाकडे पुन्हा एकदा पाहा. आपण नळाचे तोंड जिथे बसवले त्याच्या थोडे खाली, एक तुटक रेषा गावातून निघून ओढ्यापर्यंत येते आणि तिथेच संपते. तुटक रेषा म्हणजे पायवाट. पलीकडे गाव नाही, शेत नाही. मग ही वाट ओढ्याशी येऊन का थांबली? तुमच्या लक्षात आलेच असेल. तो गावाचा पाणवठा असणार. आपण ओढ्याचे पाणी वर नळात घातले, तर ते वीजघरापाशी पुन्हा ओढ्यात येईल हे खरे. पण मधला पाऊण किलोमीटर कोरडा पडेल, आणि पाणवठा नेमका त्याच टप्प्यात आहे. मे महिन्यातल्या त्या दोन लिटरांवर कुणाच्या तरी कळशा भरायच्या असतात. त्या पाण्यावर दिवे लावायचे का?

पाणी साठवले तर?

तुम्ही म्हणाल, पावसाळ्यातले पाणी साठवून ठेवू आणि वर्षभर पुरवून वापरू. अगदी बरोबर. आणि हे काम बोरघाटातच शंभर वर्षांपूर्वी झाले आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे धरणे बांधून घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी अडवले गेले, आणि मोठ्या नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडले गेले. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ आजही दिसतात.

परंतु साठवायला जागा लागते. आणि ती जागा किती, हे पुन्हा समोच्चरेषाच सांगते. बादलीतल्या दगडाची गोष्ट आठवा. समोच्चरेषा म्हणजे पाण्याचा काठ. धरणाची उंची ठरली की त्या उंचीची रेषा तलावाचा किनारा होते, आणि रेषेच्या आतले सगळे पाण्याखाली जाते. नकाशावर ते तांबडे ठिपके आणि पिवळे तुकडे असतात. जमिनीवर ती माणसांची घरे आणि भाताची खाचरे असतात.

पुणे जिल्ह्यात मुळशीला हेच घडले. तिथल्या मावळ्यांनी आपल्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट, यांनी त्याचे नेतृत्व केले. लढा काही वर्षे चालला, पण धरण अखेर झाले, आणि त्याच्या पाण्यावर कोकणातले भिरा येथील वीजघर १९२७ साली सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली. मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. तेव्हा उंची मोजताना जी रेषा आपण आनंदाने मोजतो, तीच रेषा कुणाच्या अंगणातून जाते, हेही पाहायला हवे.

संगणक नकाशा कसा वाचतो?

एक ओढा मोजायला आपली एक संध्याकाळ गेली. डोंगरभागात तर असे हजारो ओढे आहेत. ते काम आता संगणक करतो.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारच्या साहाय्याने जमिनीची उंची मोजली. यानाच्या पोटात एक आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा, असे दोन रडार-ग्राहक होते. आपल्या दोन डोळ्यांमुळे जसे अंतर कळते, तसे या दोन 'डोळ्यांनी' डोंगरदऱ्या मोजल्या. पुढे २००५ साली भारताने कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याचे दोन कॅमेरे एकच जागा दोन कोनांतून टिपत. त्या चित्रांवरून तयार झालेला उंचीचा नकाशा भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या 'भुवन' या संकेतस्थळावर मिळतो.

हा नकाशा म्हणजे चित्र नव्हेच. तो आकड्यांचा प्रचंड मोठा तक्ता आहे. जमिनीचे ३० मीटर लांब-रुंद चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात त्याची उंची लिहिलेली असते. समजा, एका चौकोनात ४१२ मीटर आहे आणि भोवतालच्या आठ चौकोनांत ४३०, ४२५, ४२१, ४१८, ४१५, ४१३, ४०९ आणि ४०२ मीटर. मधल्या चौकोनावर पडलेले पाणी कुठे जाईल? जिकडे उतार सर्वांत जास्त तिकडे, म्हणजे ४०२ कडे. संगणक प्रत्येक चौकोनाला हाच प्रश्न विचारतो. मग कोणत्या चौकोनात एकूण किती चौकोनांचे पाणी येते, ते मोजतो. आपल्या ४ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात असे सुमारे ४,४४४ चौकोन भरतील. जिथे पुष्कळ चौकोनांचे पाणी एकत्र येते तिथे ओढा. त्या ओढ्याच्या काठाने जात जात, थोड्या अंतरात जास्त उंची कुठे उतरते त्या जागा तो टिपून ठेवतो. आपण दोऱ्याने केले तेच काम, पण न थकता.

मात्र संगणकालाही फसायला होते. दाट जंगलात रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात. ३० मीटरांहून अरुंद घळ चौकोनात हरवून जाते. उंचीत पाच मीटरांची चूक झाली तर १०० मीटरांच्या जागेला फारसे बिघडत नाही. पण १० मीटरांच्या जागेचा हिशेब निम्म्याने चुकतो. आणि पाणवठ्यावर कोण येते, हे तर त्या आकड्यांत नसतेच.

रूडकीच्या आयआयटीने २०१६ साली देशातल्या लहान जलविद्युत जागांची मोजदाद केली. लहान म्हणजे २५ मेगावॅटपर्यंतच्या. ७,१३३ जागा आणि मिळून सुमारे २१,१३३ मेगावॅट, असा आकडा निघाला. प्रत्यक्षात आजवर बांधले गेले आहे ते सुमारे ५,००० मेगावॅट. यादीतले नाव आणि फिरणारे टर्बाइन यांच्या मध्ये रस्ता, विजेच्या तारा, पैसा, जंगल, गाव आणि पाणी एवढ्या परीक्षा असतात.

मग सह्याद्रीच्या ओढ्यांना कायमची फुली मारायची का? तसेही नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, सौर तावदानांना ऊन मिळत नाही. नेमके तेव्हाच ओढे भरून वाहतात. चार-पाच महिने ओढ्यावर आणि उरलेले महिने उन्हावर, अशी जोडी जमू शकते. हिमालयात बर्फ वितळून उन्हाळ्यातही पाणी येते, म्हणून तिथे अशा ओढ्यांवर घराट नावाच्या पीठ दळायच्या पाणचक्क्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ सालीच १३० किलोवॅटचे वीजघर सुरू झाले होते. प्रत्येक ओढ्याचे पंचांग वेगळे असते. ते माहीत करून घेतले पाहिजे.

आता तुमची पाळी

तुमच्या गावाजवळच्या किंवा आजोळच्या ओढ्याचे पत्रक शाळेत असेल तर गुरुजींकडून मागून घ्या. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरही पत्रके मिळतात. दोऱ्याने उंची काढा, चौरस मोजून पाणलोट काढा. मग मे महिन्याच्या सुटीत घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन प्रत्यक्ष ओढ्यावर जा. पुराच्या दिवसांत मात्र पाण्यात मुळीच उतरू नका.

धार लहान असेल तर ती दहा लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली पाच सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला दोन लिटर. प्रवाह मोठा असेल तर पाच मीटरांचा सरळ तुकडा निवडा, वरच्या टोकाला एक सुके पान सोडा आणि त्याला खाली पोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला पाव मीटर. ओढा १ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल, तर १ × ०.२ × ०.२५ = ०.०५ घनमीटर, म्हणजे ५० लिटर. वरच्या पाण्यापेक्षा तळाचे पाणी सावकाश वाहते, म्हणून त्यातले ८० टक्केच धरा : सेकंदाला ४० लिटर. हे मोजमाप दर महिन्याला एकदा करून वहीत लिहीत गेलात, तर वर्षअखेरीस तुमच्याजवळ जे बारा आकडे असतील ते कोणत्याही उपग्रहाजवळ नाहीत.

आणि पाणवठ्यावर कुणी आजीबाई भेटल्या तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : "आजी, हा ओढा कधी आटतो?" त्या जे उत्तर देतील तेही तारीख घालून वहीत लिहा. मग सूत्रात आकडे भरा, आणि तुमच्या ओढ्यात कोणत्या महिन्यात किती वीज आहे ते काढा.